पाकिटावरची हळद

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने "आपण काय करता?" असं विचारलं की मी तोंडातला घास उगाच चावत राहतो. "बिझनेस अ‍ॅनालिस्ट" म्हटलं की पाहुणा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि मठ्ठ्याकडे वळतो. माझे सासरे नातेवाइकांना सांगत, "जावई धंद्याचं बघतात." त्यावरून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ एकदा घरी आले आणि पिठाची गिरणी टाकू का, असं विचारू लागले. हे माझं काम नाही, असं मी सांगायला हवं होतं. पण कोणाला नाही म्हटलं की मला पुढचे दोन दिवस वाईट वाटतं. म्हणून म्हटलं, टाका. गिरणी चालली नाही. अजूनही त्यांच्या दारावरून जाताना मी पावलांचा आवाज होऊ देत नाही.

हे आधीच सांगतो आहे, कारण पुढची हकिकत समजायला माझा हा स्वभाव माहीत असलेला बरा. देवळाबाहेर माझा पाय दुसऱ्याच्या चपलेवर पडला, तर चपलेचा मालक दर्शन घेऊन येईपर्यंत मी थांबून राहतो. बायको म्हणते, "तुम्हाला तुरुंगात टाकलं ना, तर तुम्ही जेलरची माफी मागाल. त्रास दिला म्हणून."

तर माझं काम. एखाद्या कचेरीला संगणकाची नवी व्यवस्था हवी असते. ती बनवणारे प्रोग्रॅमर वेगळे. त्याआधी कोणीतरी तिथे जाऊन, कामं खरोखर कशी चालतात हे विचारून लिहून काढावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे मी. माझी हत्यारं दोनच. एक प्रश्न, "मग काय होतं?" आणि दुसरा, "आणि तो माणूस सुटीवर असला तर?" या दोन प्रश्नांवर मी घर चालवलं, मुलीला शिकवलं.

हे काम मला शिकवलं निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नव्वदच्या दशकाची अखेर होती. त्यांची द्राक्षं परदेशी जायची आणि कुठली पेटी कुठल्या बागेतली हे तिकडच्यांना समजायला हवं होतं. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या सगळं सांगितलं.

"बागेतून पेटी निघती, थेट कोल्ड स्टोरेजला जाती. मधी काय नाय."

मी तसं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र उगाच मनात आलं, म्हणून ट्रॅक्टरच्या मागोमाग गेलो. वाटेत एका कडुलिंबाखाली ट्रॅक्टर थांबला. दुसऱ्या बागेचाही आला. मंडळी भाकरीची फडकी सोडून बसली. सावली कमी होती, म्हणून दोन्हीकडच्या पेट्या उतरवून एकाच जागी लावल्या. जेवण झाल्यावर हाताला येतील तशा परत भरल्या.

मी अण्णांकडे जाऊन हे सांगितलं. अण्णा हसले. "आवो, ते तर जेवायला थांबत्यात! त्याला काय लिव्हायचं?"

बऱ्याच घोळांचं मूळ असंच एखाद्या लिंबाखाली असतं, हे मी तेव्हा शिकलो. लिहून ठेवण्यासारखं काही घडतंय असं तिथे कोणाला वाटतच नाही.

पुढे माझा पॉलिटेक्निकमधला मित्र शरद देवरे याने गंगापूर रोडला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लहानशी सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि मी तिथे गेलो. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं. द्राक्षाच्या पेट्यांचं आमचं काम पाहून युरोपातल्या एका कंपनीने विचारणा केली. त्यांना एका आंतरराष्ट्रीय न्यायसंस्थेचं काम मिळालं होतं. युद्धात झालेल्या अत्याचारांचे खटले तिथे चालत. त्या खटल्यांचे पुरावे आता संगणकावर सांभाळायचे होते आणि त्यासाठी कामाची पद्धत लिहून काढणारी माणसं हवी होती.

शरदने मला केबिनमध्ये बोलावलं. "प्रमोद, द्राक्षांच्या जागी पुरावे घालायचे. बाकी सेम टू सेम."

तसं ते नव्हतं, पण फार वेगळंही नव्हतं. समजा, एखाद्या गावातल्या माणसाने तिथल्या अत्याचाराचं चित्रण साध्या कॅमेऱ्यावर केलं. ती कॅसेट काही वर्षांनी कोर्टात पोचली. समोरचा वकील विचारणार, ही तीच कॅसेट कशावरून? एवढी वर्षं कोणाकडे होती? कोणी काही कापलं-जोडलं नाही ना? म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या. पुरावा आला तसाच ठेवायचा आणि ज्याचा ज्याचा हात त्याला लागला त्याची नोंद ठेवायची. संगणकातल्या फाईलचं तर आणखी नाजूक. नुसती उघडून पाहिली तरी तिच्यावरची तारीख बदलू शकते. त्यासाठी एक गणिती गिरणी असते. फाईल तिच्यात घातली की खालून एक लांबलचक आकडा पडतो. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी पुढच्या खेपेला आकडा पार वेगळा येतो. ही गिरणी मात्र चालली.

युरोपकडच्या चर्चा फोनच्या स्पीकरवर व्हायच्या. आमच्याकडे लोडशेडिंग. वीज गेली की इन्व्हर्टर ओरडायचा आणि पलीकडून काळजीने विचारणा यायची, "तुमच्याकडे आग लागली आहे का?" तिकडून बहुतेक वेळा मार्था बाई बोलत. पूर्वी पोलिसात होत्या, आता त्या न्यायसंस्थेत पुराव्यांची तपासणी बघत. आवाज सरळ रुळासारखा.

"कॅसेट संस्थेत आली. मग काय होतं?" मी विचारलं.

"मग ती भांडारात जाते."

"लगेच?"

"लगेच."

"शुक्रवारी संध्याकाळी आली आणि भांडारवाला घरी गेला असला तर?"

पलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, "सोमवारपर्यंत स्वागतकक्षातल्या टेबलाखाली असते."

माझ्या शेजारी बसलेली वंदना वहीत मान खुपसून हसू दाबत होती. मला लिंबाचं झाड दिसलं. तिलाही दिसलं असणार, कारण ती गोष्ट मी तिला बऱ्याचदा ऐकवली होती.

वंदना भोये पेठ तालुक्यातली. डोंगरातलं गाव, वडील भात आणि नागली पिकवणारे. आश्रमशाळेत शिकून नाशिकला आली, संगणकाची पदविका घेतली आणि आमच्याकडे लागली. तिच्या टिपणात एक शब्द जास्त नसायचा. माझ्या टिपणात "बहुधा", "कदाचित", "माझी चूक असू शकेल" असे शब्द पेरलेले असत. ती ते सगळे काढून टाकायची आणि कागद निम्म्यावर यायचा.

पुढचा टप्पा महत्त्वाचा होता. आमच्यातल्या एका माणसाने त्या संस्थेत सहा महिने बसून सगळं काम डोळ्यांनी पाहून लिहायचं होतं. शरदने वंदनाचं नाव पाठवलं. तिकडून उत्तर आलं की आधी तुमची परीक्षा घेऊ. आणि एक पाकीट आलं. जाड, पांढरं, कागदी, तोंडाला नंबर छापलेली चिकटपट्टी. आत एक हार्ड डिस्क. खरा पुरावा नव्हे, सरावाचा. पण तो खरा समजून तीन महिने सांभाळायचा, प्रत्येक हाताची नोंद ठेवायची, मग मार्था बाई स्वतः येऊन तपासणार.

पाकीट लोखंडी कपाटात गेलं. ताबा वंदनाकडे, किल्ली वंदनाकडे. किल्ली कोणाला देताना दोघांनी सही करायची, असा नियम होता. तो नियम मीच लिहिला होता.

नवरात्रात वंदना गावी निघाली. रोजच्या बॅकअपच्या टेप त्याच कपाटात असायच्या, त्यामुळे किल्ली मला लागणार होती. मी तिला जुन्या बसस्टँडवर सोडायला गेलो. पेठची गाडी लागलेली, कंडक्टर घंटी वाजवतोय. तिने किल्ली दिली आणि पिशवीतून कागद काढायला लागली.

"सर, सही."

"अगं, गाडी सुटेल. आपल्या आपल्यात कसली सही? आल्यावर कर."

ती पायरीवर घुटमळली. मी तिची पिशवी आत सरकवली. गाडी गेली. तिथे लिंब नव्हता एवढंच.

खंडेनवमीला शरदची आई ऑफिसात येत असे. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. गिरणीत यंत्रांची, शेतात अवजारांची पूजा होते, तशी माई आमच्या संगणकांची पूजा करायच्या. मॉनिटरवर झेंडू, कीबोर्डवर अक्षता, सीपीयूवर ओल्या हळदीचं स्वस्तिक. पुढचा आठवडाभर कळांच्या फटींतून तांदूळ काढत बसायचं.

त्या वर्षी माई म्हणाल्या, "शरद सांगत होता, परदेशातून काही मोठं काम आलंय. ते कुठंय?"

"माई, ते कपाटात आहे."

"कपाटात ठेवून पूजा होते का रे प्रमोद? ज्याच्यावर सगळ्यांचं पोट चालणार ते बाहेर नको?"

नाही म्हटलं की मला दोन दिवस वाईट वाटतं, हे वर सांगितलंच आहे. मी कपाट उघडलं, पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं. वाटलं होतं, लांबून एक फूल वाहतील. मी टेप घेण्यासाठी वळलो आणि परत बघतो तर पांढऱ्या पाकिटावर बोटाएवढ्या जाडीचं हळदीचं स्वस्तिक, मधोमध कुंकू, वर अक्षता. माई हात जोडून उभ्या होत्या. चेहरा इतका प्रसन्न होता की मीही हात जोडले.

शरद आला तेव्हा माई पेढे वाटत होत्या. त्याने पाकीट पाहिलं आणि मला ओढून पॅन्ट्रीत नेलं.

"येडा झालास का तू? ती मार्था पंधरा दिवसांनी येतेय!"

"मी तिला आजच मेल करून सगळं सांगतो."

"काही सांगायचं नाही! थांब, पुसून टाकतो. हळदच आहे, डांबर नाही."

आणि माझ्या मित्राने, सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाने, भांडी घासायच्या मोरीवरची कपड्याच्या साबणाची वडी उचलली, फडक्यावर घासली आणि पाकिटावर फिरवली.

हळदीला साबण लागला की काय होतं, हे आपल्याकडे पहिल्यांदा वरणाचा हात सदऱ्याला पुसणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पिवळ्याचा लालभडक रंग झाला. शरद घाबरून आणखी जोरात घासू लागला, तसा तो लाल रंग चिकटपट्टीपर्यंत ओघळला. शेवटी आम्ही दोघं थांबलो आणि पाहिलं. युद्धगुन्ह्यांचा पुरावा म्हणून सांभाळायला दिलेलं पांढरं पाकीट रक्ताने माखल्यासारखं दिसत होतं.

"आता?" शरद म्हणाला.

"आता काही घासू नकोस," मी म्हणालो. आयुष्यात मी कोणाला इतक्या ठामपणे "नाही" म्हटलं असेल, तर ते त्या क्षणी. फक्त पाच मिनिटं उशिरा.

शरदला दुसरंही सुचलं होतं. तसंच पाकीट मेन रोडच्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, असं तो म्हणाला. मी चिकटपट्टीवर छापलेल्या नंबरावर बोट ठेवलं. त्याने तो विचार सोडला. शरद वाईट माणूस नाही. काम गेलं असतं तर आम्ही सगळे रस्त्यावर नसतो आलो, पण वंदनाचं परदेशी जाणं नक्की रद्द झालं असतं. आणि तिच्या वडिलांनी ती विमानाने जाणार हे आजूबाजूच्या पाड्यांवर सांगून ठेवलं होतं.

वंदना परत आली. कपाट उघडलं, पाकीट पाहिलं. मी बोलायला सुरुवात केली. माझी चूक कशी, शरद तरी काय करणार, माईंचं वय, सण... ती म्हणाली, "सर, आधी क्रम सांगा. पहिलं काय झालं?"

तिने बसून नोंदी लिहिल्या. सगळ्यात वर स्वतःची. किल्ली सही न घेता दिली. मग माझी, मग माईंची, मग शरदची.

"अगं, तुझी कशाला लिहितेस?" शरद कळवळला. "तू तर इथं नव्हतीस!"

"किल्ली माझ्याकडची होती ना सर."

मीही एक निवेदन लिहिलं. तीन पानी. बसस्टँडपासून सुरू होऊन त्यात माझा स्वभाव, माझे वडील आणि बहुतेक पिठाची गिरणीसुद्धा आली होती.

मार्था बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या. लोडशेडिंगमध्ये घामाघूम. पाकीट पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. वंदनाच्या नोंदी वाचल्या. मग माझी तीन पानं वाचायला घेतली, दुसऱ्या पानावर थांबल्या आणि ती मला परत दिली.

"तुम्हाला किती वाईट वाटलं हे मला नको आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत ते तिने एका ओळीत लिहिलं आहे. ते बरोबर आहे का?"

मी ओळ वाचली. "हो."

"मग खाली सही करा."

त्यांनी माईंना भेटायची इच्छा दर्शवली. माई आल्या. मी दुभाष्या.

"हे तुम्ही का लावलंत?"

माई म्हणाल्या, "तिला सांग, ज्या वस्तूवर पोट चालतं तिला हळदकुंकू लावतात. तुमच्याकडे नाही लावत का?"

मार्था बाईंनी ते वाक्य वंदनाला जसंच्या तसं नोंदीत घालायला सांगितलं. मग शरदकडे वळल्या. "आणि साबण?"

शरदचा चेहरा पाकिटासारखा झाला. "मला भीती वाटली," तो म्हणाला.

"लावणाऱ्या बाईंनी काही लपवलं नाही. पुसणारा माणूस लपवत होता. आमच्याकडे सगळ्यात जास्त नुकसान पुसणारे करतात."

मग पाकीट उघडलं. गिरणीत डिस्क घातली. पाठवताना पडलेल्या आकड्याशी तो हुबेहूब जुळला. पडद्यावर फायली उघडल्या. मार्था बाईंच्या परसातल्या कोबीचे फोटो निघाले. एकामागून एक कोबी. आम्ही ज्याच्यासाठी पंधरा दिवस झोपलो नव्हतो ते कोबी होते.

काम आम्हाला मिळालं. पण संस्थेत बसायची ती पहिली जागा वंदनाला मिळाली नाही. किल्ली सहीशिवाय दिली, हा ताबा ठेवणाऱ्याचा दोष आहे, असं मार्था बाई म्हणाल्या. पुढच्या खेपेला बघू. मी म्हणालो, तिला मी अडवलं होतं. त्या म्हणाल्या, तेही नोंदीत आहे.

दिवाळीआधी वंदनाचे वडील ऑफिसात आले. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. ती माझ्या टेबलाशी ठेवली.

"साहेब, पोरीचं इमानातून जानं हुकलं म्हनं?"

मी सगळं सांगायला लागलो. त्यांनी मधेच विचारलं, "हळद लावली म्हून?"

"नाही. किल्लीची सही घेऊ दिली नाही म्हणून. मी."

ते म्हणाले, "तुमी तिला घाई केली. पाड्यावर लोकं इचारत्यात. काय सांगू?"

पिशवी तिथेच ठेवून ते गेले. तो तांदूळ आम्ही खाल्ला. फार चांगला होता.

पुढची खेप यायला दोन वर्षं लागली. तेव्हा वंदना गेली. सहा महिन्यांसाठी गेलेली, तिथेच राहिली. वडील तिला सोडायला मुंबईला विमानतळावर आले होते, डोक्याला नवा फेटा. विमान उडेपर्यंत बाहेर उभे राहिले. विमानं एकसारखी उडत असल्यामुळे त्यांनी सगळ्यांनाच हात केला.

मध्ये एकदा तिचा फोन आला. ती आता तिथे नव्या लोकांना शिकवते. पहिल्या दिवशी टेबलावर मार्था बाईंनी नेलेलं आमचं पाकीट ठेवते. लाल डाग जरा फिकट झालाय. ती विचारते, हे कोणाचं रक्त असेल? पोरं तर्क लढवतात. मग ती नोंद वाचून दाखवते. सुरुवात स्वतःच्या नावाने, मग माईंचं वाक्य, मग साबण.

माईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं वय किती लिहिलंय?"

"आणि माझं काय आहे त्यात?" मी वंदनाला त्याच फोनवर विचारलं होतं.

"कपाट उघडलं, पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं."

"एवढंच? मला किती वाईट..."

"सर, त्याला रकाना नाहीये."

गेल्या दिवाळीत ती आली होती. नाशिकला तिने लहानसा फ्लॅट घेतलाय, आमच्या घरापासून जवळच. ती परत निघाली तेव्हा मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. बाल्कनीत झाडं आहेत, पाणी घालाल का, असं विचारत तिने किल्ली पुढे केली. मी हात पुढे केला. तिने किल्ली मागे घेतली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. गाडी फलाटावर लागलेली. हमाल ओरडत होते. तिचे वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "करा साहेब सही. थांबंल गाडी."

मी सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली. तिने केली. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली.

रोज संध्याकाळी जातो, पाणी घालतो, कुलूप लावून घरी येतो आणि शांत झोपतो.